कोमट जागा

१

टोळीतले सगळे तिला ताई म्हणत. टोळी म्हणजे तरी काय, तिघंच: ती स्वतः, तिचा सख्खा भाऊ आणि पाठीवर पाण्याचा पंप वाहणारा काका. काका तिच्याहून वयानं बराच मोठा, पण तोही ताईच म्हणायचा. आगीत जी पुढे चालते ती ताई, असा त्याचा सरळ हिशेब. भावाला सगळे धाकटा म्हणत. लग्न झालं, मुलगी झाली, तरी तो धाकटाच राहिला.

यांचं काम विजेच्या मागून जायचं. उन्हाळा सरता सरता जंगलावर कोरडी वादळं यायची. गडगडाट मोठा, विजा भरपूर, पाऊस मात्र नावाला. अशी वीज झाडावर पडली की लगेच भडका उडतोच असं नाही. ती सालीखाली, ढोलीत, मुळांच्या बेचक्यात दबून राहते. झाड वरून हिरवंगार. मग चार दिवसांनी, कधी आठवड्यानं, वारा सुटला की ती उठते आणि अख्खा डोंगर पेटतो.

म्हणून वादळ गेलं की टोळी सकाळीच बाहेर पडायची. वनखात्याच्या स्टेशनच्या कंट्रोल रूममधून साहेब वायरलेसवर जागा सांगायचे. जंगलात खोल, वस्तीपासून लांब असेल त्या आगीला जळू द्यायचं, नुसती नजर ठेवायची. स्टेशनच्या बाजूची असेल ती मात्र मुळापासून विझवायची. खोड फोडायचं, माती उकरायची, पाणी मारायचं, पुन्हा उकरायचं. सगळ्यात शेवटी ताई हातमोजा काढून गुडघ्यांवर बसायची आणि पालथा हात राखेवरून फिरवायची. तळहात फावडं मारून निबर झालेला, त्याला काही कळत नाही. पालथ्या हाताला कळतं. गरम लागलं की पुन्हा खणायचं. सगळं गार लागलं की साहेबांना एकच शब्द कळवायचा: “विझली.”

तो शब्द एकदा गेला की त्या जागेकडे पुन्हा कुणी फिरकत नसे. त्यामुळे तो काढायला ताईची जीभ जड व्हायची.

“आमची ताई ताक सोडा, पाणीसुद्धा फुंकून पिते,” काका म्हणायचा, आणि धाकटा हसायचा.

२

त्या वर्षीच्या पहिल्या वादळात वरच्या कड्याजवळच्या एका जुन्या झाडावर वीज पडली. टोळी पोचली तेव्हा सकाळ नुकती उजाडली होती. झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत उभं चिरलेलं. खालचा पाचोळा जळून आग आपणच मंदावली होती. काम सोपं होतं. खोड फोडून झालं, पाणी मारून झालं. दव पडल्यानं राखसुद्धा हाताला गारठा देत होती.

झाडाच्या पलीकडच्या अंगाला ताईचा हात थांबला.

तिथली राख कोमट होती.

चटका नव्हता. निखाऱ्यावरची राख कशी वरून मऊ आणि आतून डंख मारणारी लागते, तसं काहीच नव्हतं. नुकतंच कुणीतरी उठून गेलेलं अंथरूण हाताला लागावं, तसं लागत होतं.

खाली मूळ धुमसत असेल, ती मनाशी म्हणाली. धाकट्यानं कुदळ मारली. वीतभर खालची माती माठाखालच्या मातीसारखी थंडगार निघाली. मूळ नव्हतं, निखारा नव्हता, धूर नव्हता. काकानं पाणी मारलं. तेवढ्यापुरती जागा गार झाली. मग टोळी सामान आवरत होती तेव्हा ताईनं पुन्हा हात लावला, तर ओल्या राखेतून तीच ऊब वर आलेली.

तिनं कडेकडेनं हात फिरवून पाहिला. जागा रुंदीला कमी, लांबीला जास्त. वरच्या बाजूला थोडी पसरट, मग खाली निमुळती होत गेलेली. ती उठून उभी राहिली आणि पुन्हा तिकडे हात नेला नाही.

वायरलेस खरखरला. “ताई, विझली का?”

“नाही साहेब. कोमट लागतंय.”

“कोमट? चहा आहे का तो? धूर आहे?”

“नाही.”

“निखारा?”

“नाही.”

“मग आहे काय?”

“लक्ष ठेवायची जागा म्हणून लिहून घ्या,” ती म्हणाली. साहेबांनी पलीकडे सोडलेला सुस्कारा तिला स्पष्ट ऐकू आला.

उतरताना काका म्हणाला, “ताई, रात्री एखादं जनावर बसलं असेल ऊब धरून. आपली चाहूल लागली, गेलं.”

“असेल,” ती म्हणाली. जनावर म्हटलं तर राखेत एक तरी पाऊल उमटायला हवं होतं.

३

दुसरं वादळ आलं आणि वीज या खेपेला ओढ्याच्या काठी पडली. म्हणजे स्टेशनच्या बरीच जवळ. कड्याकडची जागा वाटेवर नव्हती, तरी ताईनं आधी वाकडी वाट करून तिथे जाऊन हात लावला. राख गार होती, अगदी भोवतालच्या मातीइतकी. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. उगाच आपण मनाला लावून घेतलं, तिला वाटलं, आणि ओढ्यापर्यंत ती चक्क गाणं गुणगुणत चालली.

ओढ्याकाठच्या झाडाखाली, पलीकडच्या अंगाला, तीच ऊब होती. तोच लांबट आकार. इथे तर राख जरा दबलेलीही होती.

विजा काय, कुठेही पडतात, तिनं स्वतःला समजावलं. झाड सारख्या जातीचं, माती सारखी, म्हणून जळणंही सारखं. तिनं खणायला लावलं. पुन्हा पाणी, पुन्हा वाट बघणं. पुन्हा ऊब.

धाकटा फावड्यावर रेलून उभा होता. डोळे लाल. घरी छकुली जेमतेम दोन महिन्यांची, आणि तिनं झोपायचं नाही असंच ठरवलेलं. कितीतरी दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“ताई, पाच मिनिटं पाठ टेकतो गं,” तो म्हणाला, आणि ती काही बोलायच्या आत त्या जागेवर आडवा झाला.

“तिथे नको. ऊठ.”

“काय ऊब आहे गं इथे...” त्यानं कूस बदलली आणि वाक्य अर्धवट टाकून झोपला. त्याचे खांदे पसरट भागात होते, पाय निमुळत्या भागात. मापानं शिवल्यासारखा बसला होता तो त्यात.

ताईनं हाक मारली. मग मोठ्यानं मारली. खांदा धरून हलवला. काका हातातली नळी टाकून धावत आला. त्यानं गालावर चापट मारली तेव्हा कुठे धाकट्यानं डोळे उघडले. क्षणभर तो ताईकडे बघत राहिला. चुकून दुसऱ्याच्या घराचं दार उघडावं आणि आतल्या माणसाकडे बघावं, तसा. मग म्हणाला, “झाली का पाच मिनिटं?”

तो उठला. ताईनं वाकून जागेला हात लावला.

राख गार पडली होती.

“घ्या!” काका म्हणाला. “जागेला गिऱ्हाईक हवं होतं म्हणायचं.”

कुणीच हसलं नाही. मग काकाही हसला नाही.

वायरलेसवर साहेब विचारत होते. ताईनं पुन्हा एकवार, इंच इंच, सगळीकडे हात फिरवला. कुठेही काही लागलं नाही. “विझली,” ती म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तेव्हा तिला हायसंच वाटलं.

४

स्टेशनच्या मागे कामगारांची घरं होती. पत्र्याच्या छताची, दोन दोन खोल्यांची, शेजारच्या घराशी एकच भिंत असलेली. एका घरात ताई, लागून असलेल्या घरात धाकटा, भावजय आणि छकुली. मधली भिंत एवढी पातळ की पलीकडे चमचा पडला तरी अलीकडे कळायचं.

धाकटा आता तक्रार करत नव्हता. जेवायचा, कामाला यायचा, विनोदावर हसायचा. फक्त सगळे हसून संपले की मग त्याचं हसू यायचं. एकदा फावडं देताना त्याचा हात ताईच्या हाताला लागला आणि तिनं फावडं जवळजवळ खाली टाकलं. भर उन्हात तो हात विहिरीच्या कठड्यासारखा गार होता.

ती त्याला स्टेशनच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तोंडात थर्मामीटर धरला, पाहिला, झटकला, पुन्हा धरला. मग स्वतःच्या काखेत लावून पाहिला. “माझा तर बरोबर दाखवतोय,” त्या पुटपुटल्या. “नाडी चांगली आहे, छाती साफ आहे. काही काही माणसं असतात गार प्रकृतीची.”

“हा तसा नव्हता,” ताई म्हणाली.

“थकवा असेल. झोप घ्या म्हणावं.”

“झोप येते की मला,” धाकटा म्हणाला. “आता छान झोप येते.”

दोन दिवसांनी दुपारी ताई घरी होती, धाकटा स्टेशनवर अवजारं दुरुस्त करायला गेला होता. भावजय ओल्या हातांनीच तिच्या दारात आली.

“वन्सं, जरा येता? हसू नका पण. हे कामाला गेले ना, तरी यांची कॉट गारच पडत नाही.”

ताई हसली नाही. ती उठून गेली. आतल्या खोलीत, खिडकीखाली लोखंडी कॉट. चादर नीट अंथरलेली. तिनं पालथा हात ठेवला. मधोमध कोमट. कडेला गार.

“खिडकीतून ऊन येतं,” ताई म्हणाली. “वर पत्रा तापतो. चल, मधल्या भिंतीकडे सरकवू.”

दोघींनी कॉट सरकवली. खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी ताईनं अंधाऱ्या खोलीत जाऊन पुन्हा हात ठेवला. मग वाकून गादीच्या खालून, स्प्रिंगांना लावला. लोखंड गार. गादी खालून गार. वर मधोमध, माणसाच्या लांबीएवढी, ऊब.

“काय आहे हो, वन्सं?”

“कापूस ऊब धरून ठेवतो. गादी बाहेर टाक उन्हात.”

भावजयीनं मान डोलावली. पण उन्हात टाकलेली गादी घरात घेताना कशी लागते हे तिलाही माहीत होतं, आणि गार खोलीतली गादी कशी लागू नये हेही.

त्याच दिवशी ताई आपल्या खोलीत बसून हातमोज्याला टाका घालत होती. पलीकडे स्प्रिंग करकरली. कूस बदलताना करकरते तशी, लांबट. तिनं खिडकीतून पाहिलं. धाकटा समोर अंगणात नळावर कुदळी धूत होता. भावजय छकुलीला खांद्यावर घेऊन त्याच्याशी बोलत उभी होती.

पत्रा उन्हानं प्रसरण पावतो, ताईनं स्वतःला सांगितलं. लोखंड आवाज करतं. मन चिंती ते वैरी न चिंती. तिनं पुढचा टाका घातला आणि तो आपल्या बोटातच घातला.

५

मग वारा सुटला आणि खोल जंगलात दबून बसलेलं एक झाड उठलं. सकाळी नुसती धुराची रेघ होती, जेवणवेळेपर्यंत अख्खा उतार पेटला. साहेबांनी ठरवलं की आग जाळरेषेपर्यंत येऊ द्यायची आणि तिथे अडवायची. जाळरेषा म्हणजे जंगलातून काढलेला रुंद, मोकळा पट्टा. त्यावर गवताची काडी नाही, म्हणून आगीला पाऊल टाकायला जागा नाही. रेषेवर उभं राहून उडून येणाऱ्या ठिणग्या तेवढ्या मारायच्या.

ताई एका टोकाला, काका मध्ये, धाकटा पलीकडे. धुरात ताईला आधी वास आला. रबर जळल्याचा. तिनं पाहिलं, तर धाकटा रेषा ओलांडून आत गेला होता. नुकत्या जळालेल्या जमिनीवर, लालबुंद निखाऱ्यांत, तो सावकाश चालत होता. बुटांच्या तळव्यांतून धूर निघत होता.

ती ओरडत धावली. दंडाला धरून तिनं त्याला खेचून बाहेर काढलं. काकानं त्याच्या पायांवर पंप मारला. वाफेचा लोट उठला.

“भाजत नाही का रे तुला? वेड लागलंय?”

“गार आहे की,” धाकटा म्हणाला. तो तिच्याकडे बघतच नव्हता. धुरापलीकडे, स्टेशनच्या दिशेला बघत होता. “ताई, लवकर जायचं का घरी? वाट बघत असेल.”

“कोण वाट बघत असेल?”

त्यानं हातातलं फावडं खाली ठेवलं.

ताईच्या खिशातला फोन वाजला. भावजय होती. तिचा आवाज कितीतरी दिवसांत पहिल्यांदा मोकळा वाटत होता. “वन्सं, यांना सांगा, छकुली झोपली! मघापासून झोपलीय, हूं नाही की चूं नाही. मला उगाच कॉटची धास्ती वाटत होती. यांच्या जागेवर नुसती टाकली, तर क्षणात गप्प झाली. ऊब आवडते हो तिला.”

“तिला उचल,” ताई म्हणाली.

“आत्ता? अहो, एवढ्या मुश्किलीनं—”

“उचल तिला!”

फोनमध्ये नुसती खरखर. मग तीही बंद.

ताईनं वायरलेस उचलला. “साहेब, मी रेषा सोडतेय. दुसरी टोळी पाठवा.”

“ताई, काय बोलताय? आग तोंडाशी आलीय!”

“मी सांभाळतो,” काका मध्येच म्हणाला. त्यानं एकदा धाकट्याकडे पाहिलं आणि ताईच्या डोळ्यांत पाहिलं. “तू जा. याला इथे ठेवू नकोस माझ्यापाशी. घेऊन जा.”

आयुष्यात पहिल्यांदा ताईनं आगीकडे पाठ फिरवली. जीप खड्ड्यांतून उडत होती. डोक्यावर आभाळ काळवंडलेलं, पावसाचा थेंब नाही, नुसता गडगडाट. धाकटा शेजारी हात मांडीवर ठेवून शहाण्या मुलासारखा बसला होता. 

“तुला काय होतंय ते मला सांग रे,” ताई म्हणाली. “मी आहे ना. आईनं तुला माझ्या स्वाधीन केलंय.”

“काही होत नाहीये गं,” तो म्हणाला. “जागा कमी पडते, एवढंच.”

६

भावजय दारातच उभी होती. तिनं छकुलीला उचललेलं नव्हतं.

“वन्सं, मी गेले होते उचलायला,” ती म्हणाली. ओठ पांढरे पडले होते. “पण ती... तुम्हीच बघा.”

आतल्या खोलीची खिडकी लावलेली. पत्र्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात भिंतीकडेला सरकवलेली कॉट दिसत होती. छकुली कॉटच्या मधोमध नव्हती, जराशी एका बाजूला होती, आणि कुशीवर वळलेली. दोन महिन्यांचं बाळ स्वतःहून कुशीवर वळत नाही. तिच्या शेजारी चादर रिकामी होती. रिकामी, पण खोल दबलेली. छकुलीचा श्वास ऐकू येत होता, लहान लहान, भराभर. त्याच्यामागे दुसरा काही आवाज आहे का, हे ताईनं ऐकायचं नाही असं ठरवलं. मूळ धुमसत असेल, तिच्या मनात आलं, आणि या विचाराला या खोलीत काहीच अर्थ नव्हता.

ती कॉटपाशी गेली. वाकली. एक हात छकुलीच्या पाठीखाली घातला आणि दुसरा मानेखाली न्यायला लागली. एवढ्या लहान बाळानं अजून मान धरलेली नसते. आधार दिला नाही तर डोकं मागे पडतं. घाईत तिचा दुसरा हात पोचायच्या आधीच पाठ उचलली गेली.

छकुलीचं डोकं मागे पडलं नाही.

ते अलगद, पाठीबरोबर वर आलं. कुणीतरी खालून धरल्यासारखं. ताईचा हात मानेखाली सरकला तेव्हा तो आधीच तिथे असलेल्या कशाच्या तरी वरून सरकला. मऊ होतं ते, आणि कोमट. ते लगेच निघून गेलं नाही. तिच्या हातात भार नीट आलाय ना, याची खात्री होईपर्यंत थांबलं. मग एकेक बोट काढून घ्यावं तसं, हलकेच, बाजूला झालं. बाळ दुसऱ्याच्या हातात देताना माणसं करतात तसं.

छकुलीला छातीशी धरून ताई एकेक पाऊल मागे सरकत दाराशी आली. भावजयीनं तिच्या शर्टाचं टोक घट्ट धरलं होतं.

दारात धाकटा उभा होता. जळक्या बुटांसकट, शांत.

“उठला का?” त्यानं हळूच विचारलं.

“झोपलीय अजून,” भावजय रडत म्हणाली. “तुमची छकुली झोपलीय हो. चला ना, आपण इथून जाऊ. आत्ताच्या आत्ता जाऊ.”

“तिचं नाही विचारत,” धाकटा म्हणाला.

त्यांच्या मागे, भिंतीकडे, स्प्रिंग करकरली. आधी दबल्यासारखी, मग एकदम मोकळी झाल्यासारखी.

ताईनं मागे वळून पाहिलं नाही. “बाजूला हो,” ती भावाला म्हणाली. “आम्हाला जाऊ दे. आणि तू पण चल. माझ्या मागून चल.”

धाकट्यानं मान डोलावली आणि दारातून बाजूला झाला, अंग चोरून, भिंतीला पाठ लावून. ताई छकुलीला घेऊन बाहेर पडली. तिच्या मागून भावजयही बाहेर आली. अंगणात पोचल्यावर ताईनं त्याला हाक मारायला मान वळवली.

तो अजून तसाच भिंतीला चिकटून उभा होता, नजर खाली, दार मोकळं सोडून. आणखी कुणीतरी बाहेर पडायचं बाकी असल्यासारखा.